चर्चा धागा: रॅपिड डीएनएच्या जमान्यात डागांवर रसायनं टाकायची का?

रसायनी
अमेरिकेत एफबीआयची सुधारित मानकं १ जुलै २०२५ पासून लागू झाली आणि घटनास्थळावरच्या नमुन्यांच्या रॅपिड डीएनए प्रोफाइलला (म्हणजे प्रयोगशाळेऐवजी एकाच मशिनने झटपट काढलेल्या डीएनएच्या ओळखखुणेला) कोडिस या राष्ट्रीय डीएनए डेटाबेसची वाट खुली झाली. त्याआधी भर होता अटकेतल्या माणसाच्या गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर (नमुना टिपलेल्या बोळ्यावर). स्वॅब मशिनच्या कार्ट्रिजमध्ये घाला, दीड-दोन तासांत प्रोफाइल हातात.

माझं स्पष्ट मत: जो डाग या मशिनमध्ये जाणार, त्याची आधी फिनॉल्फ्थॅलिन किंवा ल्युमिनॉल या रक्त ओळखायच्या रसायनांनी (पहिल्याने गुलाबी रंग येतो, दुसऱ्याने डाग अंधारात चमकतो) परीक्षा घेणं बंद करा. गालाच्या स्वॅबमध्ये पेशी भरपूर असतात, डागात नसतात. प्रयोगशाळेत डीएनए आधी मोजतात, काही अडथळा आणतंय असं दिसलं तर नमुना पुन्हा शुद्ध करतात. मशिनमध्ये मधे थांबायची सोय नाही. स्वॅब गेला तो गेला. रक्त ओळखायच्या हेमास्टिक्स पट्टीतली रसायनं चुंबकीय मण्यांवर डीएनए गोळा करण्याच्या पद्धतीला बाधतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ल्युमिनॉल त्यामानाने सौम्य, पण त्याच्या फवाऱ्याने पुसट डाग आणखी पातळ होतो.

बेंचवरची
अजिबात पटलं नाही. नीट काम करणारा माणूस मशिनच्या स्वॅबवर रसायन टाकतच नाही. डागाच्या कडेला फिल्टर पेपर हलकेच घासायचा आणि थेंब त्या कागदावर टाकायचे. आधी फिनॉल्फ्थॅलिन, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झालं, तर ते रक्त धरायचं नाही. मिनिटभराने गुलाबी झालं तरी नाही, कारण हवेनेही रंग येतो.

आणि चाचणीच नको म्हणता, तर दहा तपकिरी डागांतला कुठला निवडणार? जिन्यातली पानाची पिंक घ्या. लाळेतल्या पेशींमुळे मशिन तिचंही सुरेख प्रोफाइल देईल. माणूस कळेल, पण रक्त सांडलं होतं का, हे त्या प्रोफाइलमध्ये कुठेच नसतं. खुनाच्या खटल्यात पहिला प्रश्न तोच येतो.

कोर्टकचेरी
बेंचवरची, रंग आला म्हणून तरी रक्त कुठे सिद्ध होतं? ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनला १९८२ मध्ये पोटच्या मुलीच्या खुनासाठी जन्मठेप झाली, त्यात मोटारीतल्या कथित रक्ताच्या डागांचा मोठा वाटा होता. रक्त तपासायच्या ऑर्थोटोलिडिन या रसायनाने ते डाग रक्ताचे वाटले होते. पुढे चौकशीत डॅशबोर्डखालचा ‘रक्ताचा फवारा’ गाडीचा आवाज दाबणाऱ्या लेपाचा निघाला. शिक्षा रद्द व्हायला १९८८ उजाडलं.

बेंचवरची
त्या डागांवर तेव्हा डीएनए करता आला असता तर लेप लगेच उघडा पडला असता. मी तेच म्हणतेय, दोन्ही हवेत.

रसायनी
दोन्ही हवेत, मान्य. पण तुमची चाचणी मशिनसाठी डाग निवडायला कुचकामी आहे, त्याचं काय? ती हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोहयुक्त भागाला प्रतिसाद देते. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये लाल पेशी पन्नास लाखांच्या आसपास, त्यांत डीएनए ठेवणारं केंद्रकच नाही. डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून, त्या चार ते अकरा हजार. धुतलेल्या चादरीवर ल्युमिनॉल लख्ख चमकेल आणि मशिनला काहीच मिळणार नाही. वर हीम स्वतःच पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेला, अडवतं, जीन्स पँटची निळही अडवते. म्हणजे रंग आला म्हणून तुम्ही एकुलता स्वॅब घालवून बसता!

बेंचवरची
मग असा पुसट डाग मशिनला देऊच नका, प्रयोगशाळेत पाठवा. ठसठशीत, मोठा डाग असेल तरच मशिन. चाचणी सोडायचं कारण यात मला अजूनही दिसत नाही.

कोर्टकचेरी
हे आपल्यासाठी परकं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होतंय. उद्या अशी मशिनं आपल्याकडे घटनास्थळी आली, तर कुठल्या डागावर काय टाकलं हे पंचनाम्यात आलंच पाहिजे आणि मुद्देमालात दुसरा, कोरा स्वॅब सीलबंद हवा. तो नसेल तर बचाव पक्षाने फेरतपासणी मागायची तरी कशाची?