सांगलीतल्या नव्या ग्रिल हॉटेलात कुणी जेवून आलंय का?

हरिपूर_रोड
नमस्कार मंडळी. विश्रामबागेकडून मिरजेला जाताना नवीन ग्रिल हॉटेल उघडलंय, मधोमध उघडी भट्टी असलेलं, डोळ्यांसमोर भाजून देतात ते. गणपती झाले की घरच्यांना न्यायचा विचार आहे. आम्ही सहा जण. वडील सत्तरीचे. मटण म्हणजे तांबडा-पांढरा आणि ज्वारीची भाकरी, त्यापलीकडचं त्यांना पटत नाही. वर कवळी. आई शाकाहारी, आणि "त्याच जाळीवरचं मला नको" म्हणणारी. पुण्याचा मेहुणा म्हणतो, रिव्ह्यू झकास आहेत. मी वाचले, तर सगळे भट्टीपुढं सेल्फी काढतायत, जेवणाचं कुणी बोलेना. धूर किती होतो, मागवायचं काय, आईची सोय होईल का, आणि खिशाला किती बसेल, एवढं सांगा.

मिरजकर७
शनिवारी गेलो होतो. पाऊण तास बाहेर ताटकळलो. चिकन चांगलं, पण शर्टाचा वास धुतल्यावरच गेला. नवा शर्ट घालून जाऊ नका.

बागवाला_तासगाव
दादा, आमची द्राक्षबाग आहे, म्हणून मेनूतल्या ज्या ओळीपायी मी तिथं गेलो ती आधी सांगतो. "द्राक्षाच्या काड्यांच्या धुरावर भाजलेलं मटण." फ्रान्समध्ये बोर्दोकडं छाटणीच्या काड्या वाळवून त्यावर मांस भाजायची जुनी रीत आहे, ते खोटं नाही. पण आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि मधल्या काळात डाऊनी-भुरी या रोगांपायी बागेवर किती फवारे बसतात ते बागवाल्यालाच ठाऊक. आमच्या घरी त्या काड्या पाणी तापवायच्या बंबाला जातात. भाकरीच्या चुलीला आई लावू देत नाही. म्हणून भट्टीवरच्या पोराला विचारलं, काड्या कुठल्या बागेच्या? पोरगं हसलं. म्हणालं, "मालक, ती पेंढी शोसाठी ठेवलीय. भाजायला बाभळीचा कोळसा." मला बरंच वाटलं. तशीही काडी बोटाएवढी, भुर्रकन पेटती आणि विझती, तिच्यावर मटण कुठलं व्हायला? त्यापेक्षा काढलेल्या बागेची जुनी खोडं बरी, आर म्हणजे धगधगते निखारे तरी धरतात.

आता भाजण्याचं. टेबल भट्टी दिसेल असं घ्या, पण जाळाला भुलू नका. जाळावर भाजलं की वरून काळं आणि आत हाडाशी लाल. खरं काम आराचं. कोळशानं वर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवायची. इथला मुख्य भट्टीवाला त्यातला जाणता आहे. त्यानं निखारे एका अंगाला ओढून ढीग केलेले, दुसऱ्या अंगाला जेमतेम चार. कोंबडीची तंगडी, तीही कातडीसकट, आधी ढिगावर धरली, कातडी चरचरली, चरबीचा थेंब खाली पडून भडका उठला तसा चिमट्यानं तुकडा थंड अंगाला सारला आणि वर पातेलं उपडं घातलं. मधूनमधून जाळीवर तळहात धरून मनातल्या मनात आकडे मोजत होता. हात लवकर मागं आला की निखारे पसरायचा. पोरं फोटो काढत होती तिकडं त्याचं लक्षही नव्हतं. ती तंगडी हाडापर्यंत शिजलेली होती आणि तरी रस गळत होता. तीच मागवा. छातीचा पीस घेऊ नका, कोरडा ठक्क.

मटणाचं मात्र जपून. आपलं बोकडाचं मांडीचं मटण रटरटून शिजायचं, ते वीस मिनिटांच्या भाजणीत मऊ पडत नाही. बरगडीचे चॉप चालतात. वडिलांना कवळी आहे तर खिम्याचे सीख सांगा, दाताला काम नाही. भाकरी मिळते, पण आतल्या स्वयंपाकघरातून येते आणि येईस्तोवर भाजलेलं गार होतं, म्हणून ती आधी सांगून ठेवा. रस्सा नाही. हे वडिलांना घरून निघतानाच सांगा, नाहीतर तिथं बसून "पांढरा आणा" सुरू होईल. आमच्या चुलत्यांनी वेटरला दोनदा आत पाठवला.

वांग्याचं भरीत तेवढं फसलंय. कृष्णाकाठचं वांगं भरल्या वांग्याला एक नंबर, पण भरताला मोठं, गराचं वांगं लागतं. यांनी लहान वांगी निखाऱ्यात घातली, साल जळाली आणि गर निघाला चमचाभर. वाटी दिसायला सुबक, पैसे दोनशेवीस. सांगलीत बसून एवढ्याचं भरीत? असो.

चौघांचे बत्तीसशे गेले, थंड पेयं धरून.

अन्नपूर्णा_विश्रामबाग
आईंचं मी सांगते, आमच्या सासूबाई अगदी तशाच. शाकाहारी जाळी वेगळी आहे, भट्टीच्या डाव्या टोकाला. पण जाळी बघून गप्प बसू नका, चिमटा बघा. आम्ही गेलो तेव्हा एकच चिमटा दोन्हीकडं फिरत होता. मॅनेजरना बाजूला घेऊन सांगितलं, तर त्यांनी कुरकुर न करता नवा चिमटा आणि तेल लावायचा वेगळा ब्रश काढून दिला. आमचं पनीरही बदलून दिलं. त्यामुळं टेबल सांगताना फोनवरच हे बोलून ठेवा, आयत्या वेळी आईंसमोर चर्चा नको. कणीस आणि रताळं मस्त. रताळं सालीसकट निखाऱ्याच्या कडेला मुरवतात, वर लिंबू आणि तिखट-मीठ. मशरूम सोडा, नुसता धूर लागतो. आणि इतकं करूनही मन घेत नसेल तर आतल्या तव्यावरचं पिठलं-भाकरी आहेच, सासूबाईंनी शेवटी तेच मागवलं आणि वर आम्हालाही वाढलं.

हरिपूर_रोड
ताई, बागवाले दादा, फार उपयोग झाला. मेहुण्याला चिमट्याचं वाचून दाखवलं, तो गप्प झाला. बिलात सर्व्हिस चार्ज लावतात का? पुण्यात मागे एका ठिकाणी आमच्याकडून दहा टक्के काढले होते.

हिशेबी_माणूस
मी गेलो तेव्हा लावला नव्हता, नुसता पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा अन् अडीच राज्याचा. पण कुठंही लावला तर द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सूचना काढल्यात की हॉटेलनं बिलात तो आपणहून घालायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे "हा काढून बिल द्या" म्हणायचं. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. टीप मनानं द्या की. भट्टीसमोर ती पोरं तासन्‌तास उभी असतात, त्यांच्या हातात पडेल अशी द्या.

मिरजकर७
आणि पार्किंग नाही. मागच्या गल्लीत लावलं तर तिथले लोक हवा सोडतात म्हणे. आमची सोडली नाही.

हरिपूर_रोड
मग रिक्षाच बरी. वडिलांना रस्सा नाही हे सांगितलं. "मग कशाला चाललोय" म्हणाले, पण सीख म्हटल्यावर तयार झाले. बुधवार ठरवतोय. किती वाजता जावं?

बागवाला_तासगाव
सातला टेकाल असं बघा. तोवर पहिला आर चांगला मुरलेला असतो आणि भट्टीवाल्यालाही उसंत असते. नऊनंतर गर्दी झाली की घाईघाईनं वरून कच्चा कोळसा ओततात, मग त्याचा धूर थेट तोंडाशी लागतो, चवीलाही कडवट. अन् दाराजवळचं टेबल देत असतील तर घेऊ नका, रस्त्याकडून वारा आला की सगळा धूर त्याच कोपऱ्यात फिरतो. पलीकडं खिडकीशी दोन मोठी टेबलं आहेत, सहा जण आरामात बसतील. फोनवर तीच मागा.