सगळ्यांनी माना डोलावल्या, पण समजले वेगळेच

प्रश्न (कृषी सहायक, लातूर जिल्हा)

सोयाबीनच्या पेरणीपूर्वी मी गावच्या पारावर सभा घेऊन बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला द्यायच्या लेपांचा, क्रम सांगितला: प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि पेरणीच्या थोडे आधी, सावलीत, रायझोबियमचे जिवाणू खत. क्रम उलटला तर बुरशीनाशकामुळे जिवाणू मरू शकतात, हेही स्पष्ट केले. त्याच चाळीस मिनिटांत उगवणक्षमतेची चाचणी, पेरणीची खोली आणि पुरेशा पावसाची वाट पाहणे हे विषयही घेतले. "समजले का?" असे विचारल्यावर सर्वांनी माना डोलावल्या. आठवड्याने पाहिले, तर बऱ्याच घरी जिवाणू खतच सर्वांत आधी लावले होते. मौखिक संवादातील कोणती मूलभूत गोष्ट माझ्याकडून सुटली? बोलण्यात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असे एका प्रशिक्षणात ऐकले होते. ते खरे आहे का?

उत्तर १ (भाषेचे प्राध्यापक, नांदेड)

तो ७ टक्क्यांचा आकडा येथे लागू होत नाही. तो ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधील प्रयोग बोलणाऱ्याची भावना, त्याची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. बीजप्रक्रियेचा क्रम कोणालाही हातवाऱ्यांवरून कळणार नाही.

पाठ्यपुस्तकांत प्रेषक, माध्यम आणि ग्राहक अशी जी आकृती असते, तिचे मूळ गणितज्ञ व अभियंता क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील लेखात आहे. मात्र त्यांचा प्रश्न संकेत बिनचूक पोहोचवण्याचा होता आणि अर्थाचा विचार त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला होता. आपला आवाज पारावर सर्वांपर्यंत पोहोचला, यात शंका नाही. अडचण त्याच्या पुढची आहे. लिहिलेले वाचणारा मागे वळून पुन्हा वाचतो, पण बोललेले वाक्य उच्चारताच संपते आणि ऐकणाऱ्याला ते मनात धरून ठेवतानाच पुढचेही ऐकावे लागते. अशा वेळी चार विषय एकत्र दिले, तर कोणता गळला हे कोणालाच कळत नाही. शिवाय गोष्ट ऐकताना आपण जो हुंकार देतो, त्याचा अर्थ "ऐकतो आहे, पुढे सांगा" एवढाच असतो, आणि माना डोलावणे हाही तसाच हुंकार आहे. यापुढे "समजले का?" असे न विचारता "आता तुम्ही मला सांगा," असे म्हणून पाहावे.

उत्तर २ (कीर्तनाची परंपरा असलेले घर, गंगाखेड)

कीर्तनात अभंगाचे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते आणि टाळकरी ते उचलून धरतात. श्रोत्याच्या हाती पोथी नसते, म्हणून ही पुनरुक्ती आवश्यकच असते. आपणही एका सभेला एकच ध्रुवपद ठेवावे आणि ते लोकांच्या तोंडून वदवून घ्यावे.

उत्तर ३ (परिचारिका, बीड जिल्हा)

शब्द सारखा असला, तरी अर्थ सारखाच असेल असे नाही. आमच्याकडे एक आजी "ताप येऊ लागला," असे म्हणाल्या. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी ताप आत्ताच सुरू झाला, अशी नोंद केली. वास्तविक आपल्या भागात "येऊ लागला" म्हणजे "येत आहे", आणि आजींना तीन दिवसांपासून ताप होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी "कोणत्या वारापासून?" असे विचारते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी एका मावशींना संपूर्ण क्रम मला सांगण्याची विनंती केली. त्यांनी पहिलेच नाव जिवाणू खताचे घेतले. कारण विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "खत तर सगळ्यात आदीच घालतेत की, साहेब." त्यांच्या शेतात शेणखत पेरणीच्या कितीतरी आधी पडते, त्यामुळे "खत" हा शब्द ऐकताच त्यांच्या मनातील क्रम पक्का झाला आणि माझे पुढचे सारे स्पष्टीकरण त्याच क्रमात बसवले गेले. मी वापरलेला शब्दच चुकीची दिशा दाखवत होता. आता मी त्याला "शेवटचा लेप" म्हणतो. आज सकाळी त्याच मावशी शेजारच्या सुनेला तिन्ही गोष्टी अचूक क्रमाने सांगत होत्या.