गिटार घेऊन बसायचं कसं? पाठ आणि मनगट दोन्ही कुरकुरतंय (मदत हवी)

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून अकूस्टिक गिटार शिकतोय. वय ४३, नोकरी बैठी. गिटार ड्रेडनॉट, म्हणजे चांगली ऐसपैस. क्लास ऑनलाइन असल्यामुळे सरांना कॅमेऱ्यात फक्त माझे पंजे दिसतात, मी बसलोय कसा ते दिसत नाही.

पलंगाच्या कडेवर बसलो की गादी दबते, गुडघे वर येतात आणि आपोआप पोक निघतं. ऑफिसच्या खुर्चीचे हात गिटारला आडवे येतात. खाली सतरंजीवर मांडी घातली तर गिटार घसरत राहते. अर्ध्या तासात उजव्या फऱ्याखाली चमक भरते, आणि एफचा बारे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड) धरताना डावं मनगट पार दुमडतं. वाजवताना मोबाइल पलंगावर आडवा टाकलेला असतो, तेव्हा मानेचं काय होत असेल ते सांगायला नको.

खास गिटारची खुर्ची घ्यावी का? की ड्रमवाल्यांचं गोल स्टूल? दोन्ही महाग वाटतात. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

खुर्ची विकत घेऊ नका. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची खुर्ची असेल तर तीच घ्या. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे काटकोनात. पाठीला टेकू नका, सीटच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा.

खरी गोम खुर्चीत नाही. गिटार खाली राहते आणि तुम्ही तिच्याकडे वाकता. क्लासिकल गिटारवाले गिटार डाव्या मांडीवर घेतात आणि डावा पाय छोट्या पायटेकूवर ठेवतात. ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाला (१८५२–१९०९) देतात. पायटेकू साधारण १० ते २० सेंमी उंच लागतो. आधी घरातला पाट ठेवून बघा, कमी पडला तर त्यावर दुसरा. गिटारचा दांडा तिरका वर जाऊन तिचं डोकं साधारण डोळ्यांच्या पातळीला आलं की मनगट बरंचसं सरळ होतं. तासन् तास एक पाय वर ठेवून काहींची कंबर धरते, म्हणून अधूनमधून उठा.

अजून एक: फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दिसाव्यात म्हणून गिटार स्वतःकडे कलवता ना? नवशिके बहुतेक सगळे करतात. त्यानेच मनगट जास्त दुमडतं. गिटार न कलवता सरळ ठेवा आणि दांड्याच्या कडेवरचे ठिपके बघा, ते त्यासाठीच असतात. बारे आधी पाचव्या फ्रेटवर घोटा. पहिल्या फ्रेटवर तारा नटला (दांड्याच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) लागून असतात, तिथे जोर जास्त लागतो.

बोटांना मुंग्या येतात का? येत असतील तर आधी डॉक्टर, मग गिटार.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, पण मला पाट जमला नाही. बसूनही पट्टा लावा. तुमच्या गिटारला बहुधा मागच्या टोकाला एकच गुंडी असेल. मग पट्ट्याचं दुसरं टोक नाडीने नटच्या पलीकडे, तारांच्या खालून ओवून बांधा. डावा हात सोडून बघा: दांडा खाली गेला नाही तर पट्टा बरोबर आहे.

उजव्या फऱ्याचं दुखणं मात्र ड्रेडनॉटच्या आकारामुळे असू शकतं. तिच्या रुंद अंगावरून हात टाकताना खांदा कानाकडे चढतो. पुढची गिटार घ्याल तेव्हा ओएम आकाराची (ड्रेडनॉटपेक्षा आटोपशीर) मांडीवर घेऊन बघाच.

प्रतिसाद

मांडी घालून वाजवायचीच हौस असेल तर विश्वमोहन भट्टांसारखी आडवी ठेवून स्लाइडने (तारांवर सरकवायच्या दांडीने) वाजवा :) त्यांच्या मोहनवीणेची, म्हणजे बदल केलेल्या गिटारची, बैठकच तशी. बारे धरायला मात्र खुर्चीच बरी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मुंग्या नाहीत, नुसतं दुखतं. एक पाट पुरला नाही, दोन ठेवले तर वरचा फरशीवरच्या साबणासारखा सरकतो. मध्ये योगा मॅटचा तुकडा घातलाय. पट्टा रविवारी. मोबाइलसाठी नोटेशन स्टँड घ्यावा की भिंतीला काही अडकवता येईल? कुणी केलंय का?