दोन फाशांत सातचे दान सहापेक्षा जास्त का पडते?

सांजवारा
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत व्यापार खेळताना माझ्या सहावीतल्या मुलीने एक प्रश्न विचारला आणि मला तिचे समाधान करता आले नाही. दोन फाशांवर सात ही बेरीज तीन प्रकारे होते: १-६, २-५ आणि ३-४. सहाही तीनच प्रकारे होते: १-५, २-४ आणि ३-३. आठचेही तसेच. मग सातचे दान सर्वांत जास्त पडते असे सगळे का म्हणतात? मी सगळ्या जोड्या मांडून पाहिल्या तेव्हा त्या २१ भरल्या. म्हणजे या हिशेबाने सहा, सात आणि आठ या तिन्ही दानांची संभाव्यता ३/२१ अशी सारखीच यायला हवी. शंका मिटावी म्हणून आम्ही दोघींनी वाटीत फासे खुळखुळवून १८० वेळा दान टाकले आणि प्रत्येक दान जोडीसकट वहीत लिहिले. सात ३३ वेळा आले, सहा २४ वेळा, आणि दोन्ही फाशांवर सारखाच आकडा २९ वेळा पडला. पुस्तकात ३६ शक्यता दिल्या आहेत, परंतु ३-४ आणि ४-३ यांत फरक कोणता, हे मला स्वतःला पटल्याशिवाय तिला सांगायचे नाही.

पाटीपेन्सिल
एक फासा लाल आणि एक पांढरा आहे असे धरा. लाल फाशावर सहांपैकी कोणताही आकडा येऊ शकतो, आणि त्या प्रत्येकासोबत पांढऱ्यावर पुन्हा सहांपैकी कोणताही, म्हणून एकूण दाने ३६ आणि ती सर्व सारख्याच शक्यतेची. यात लालवर ३ व पांढऱ्यावर ४ हे एक दान आणि लालवर ४ व पांढऱ्यावर ३ हे दुसरे. ३-३ मात्र एकाच रीतीने पडू शकते. म्हणून सातची दाने सहा होतात आणि सहाची पाचच. रंग पुसून टाकला तरी फासे पूर्वीसारखेच वेगवेगळे घरंगळतात. फक्त आपल्याला ते ओळखता येत नाहीत. आपल्याला पडलेला पेच क्षुल्लक मुळीच नाही. कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझनेही बारा आणि अकरा ही दाने सारख्याच शक्यतेची मानली होती, कारण दोन्ही एकेकाच जोडीने होतात. प्रत्यक्षात अकराची संभाव्यता २/३६ आहे आणि बाराची १/३६.

मोजणीदार
वहीत जोड्या लिहून ठेवल्यात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचा निकाल त्यातच आहे. सात ३३ आणि सहा २४ या आकड्यांवर मी फारसा विसंबणार नाही: ३६ च्या हिशेबाने १८० फेकांत सात सुमारे ३० वेळा आणि सहा २५ वेळा अपेक्षित आहे, तर २१ च्या हिशेबाने दोन्ही सुमारे २६ वेळा, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. सारख्या आकड्यांच्या जोड्या मात्र पाहा. २१ शक्यता समान असत्या तर १८० पैकी ६/२१, म्हणजे सुमारे ५१ वेळा जोडी पडायला हवी होती. ३६ च्या हिशेबाने ३० वेळा. आपल्याकडे २९ वेळा पडली. अशा मोजणीत पाचसहाचे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे, पण २२ ची तूट योगायोगावर ढकलता येत नाही.

याच जातीचा प्रश्न सतराव्या शतकात गॅलिलिओपुढे आला होता. तीन फाशांवर ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारे होतात, तरी जुगाऱ्यांच्या अनुभवाला १० अधिक वेळा येत असे. गॅलिलिओने २१६ शक्यतांपैकी ९ च्या २५ आणि १० च्या २७ मोजून दाखवल्या. शंभरात एकाहूनही कमी असलेला हा फरक निव्वळ खेळून खेळून लक्षात आलेल्या माणसांचे मला फार कौतुक वाटते.

सोंगटी
खेळापुरते सांगायचे तर सहा, सात आणि आठ मिळून १६/३६, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के दाने होतात. त्यामुळे व्यापारात घर बांधताना प्रतिस्पर्ध्याची सोंगटी आपल्या जागेच्या सहा ते आठ घरे मागे आहे का, हे अवश्य पाहावे. सारीपाटाच्या लांबट, चार बाजूंच्या फाशांनाही हाच नियम लागू पडतो: दोन फाशांची दाने १६, त्यांत सारख्या बाजू चार वेळा, म्हणजे तिथे जोडी चारांत एकदा आणि आपल्या फाशांवर सहांत एकदा.

सांजवारा
सर्वांचे मनापासून आभार. जोड्यांचा हिशेब लगेच पटला. एकच शंका उरते: दोन वस्तू इतक्या तंतोतंत सारख्या असतील की त्यांत भेद करणे तत्त्वतःच अशक्य असेल, तर २१ ची मोजणी बरोबर ठरेल का?

पाटीपेन्सिल
ठरू शकेल, आणि फाशांना नाही तरी निसर्गात ती खरोखरच लागू पडते. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी अशी केली की दोन कणांची अदलाबदल ही वेगळी शक्यता धरलीच नाही, आणि तिच्यातून तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाविषयीचा प्लांकचा नियम बरोबर निघाला. तो निबंध त्यांनी आइन्स्टाइनला पाठवला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करवला. सहा जागा आणि असे दोन कण घेतले तर शक्यता आपण मांडल्या तशा २१ च होतात. मुलगी थोडी मोठी झाली की तिला हे जरूर सांगा.

सांजवारा
काल एका फाशाच्या कडांना लाल नेलपॉलिश लावून आम्ही पुन्हा १८० दाने टाकली. लाल ३ व पांढरा ४ हे दान ४ वेळा पडले, लाल ४ व पांढरा ३ हे ६ वेळा, आणि ३-३ पाच वेळा. वहीत आता दोन वेगळे रकाने मुलीनेच आखले आहेत.