सेंट अँड्र्यूजला वडिलांसोबत गोल्फ: मे, जुलै की सप्टेंबर?

येरवड्याचा_डावखुरा

नमस्कार मंडळी,

बाबांना २०२७ मध्ये सत्तर पूर्ण होतात. स्कॉटलंडला जाऊन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एकदा तरी खेळायचं, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून मनात धरलंय. आता मी ते जमवायचं ठरवलंय. आम्ही दोघं येरवड्याला खेळतो. त्यांचा हँडिकॅप इंडेक्स (जितका कमी तितका खेळ चांगला) २४, माझा १३. आई बरोबर येणार आहे, ती खेळत नाही. बाबांचा डावा गुडघा कुरकुरतो, पण सकाळी गारव्यात अठरा होल अजून चालून पूर्ण करतात.

ऑफिसातून आठ-नऊ दिवसांची रजा मिळेल. मेचा उत्तरार्ध, जुलैचा मध्य किंवा गणपती झाल्यावर सप्टेंबर, यातलं काहीही जमेल. टूरवाल्याचं म्हणणं जुलै, कारण तेव्हा तिकडे सगळ्यांत ऊब असते. पण समुद्राकाठचा कोर्स म्हटल्यावर वारा-पावसाचं गणित वेगळं असणार असं मला वाटतं. तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या कुणी नीट सांगेल का? बाबांना थंडी फार सोसत नाही, ही मुख्य काळजी. आणि ओल्ड कोर्सवर खेळायला मिळावं म्हणून जो बॅलट, म्हणजे सोडत असते, तिचं नेमकं काय असतं?

---

फाइफवाली

मी इथेच, सेंट अँड्र्यूजपासून थोड्या अंतरावर राहते आणि वर्षभर खेळते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जुलै आधी यादीतून काढा. जुलै २०२७ मध्ये १५५वी ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा सेंट अँड्र्यूजलाच आहे. स्पर्धेच्या आठवड्यात कोर्स पाहुण्यांना मिळत नाही हे तर झालंच, पण त्याच्या बरंच आधीपासून स्टँड उभारायला सुरुवात होते आणि कोर्स काही काळ बंद ठेवतात. हॉटेलं आणि खोल्यांचे भाव त्या महिन्यात विचारूच नका. ओपन नसलेल्या वर्षीसुद्धा मी घरच्या माणसाला जुलै सुचवत नाही. ऊब असते म्हणजे किती? दुपारचं सरासरी कमाल तापमान १९ अंशांच्या आसपास. मेच्या उत्तरार्धात ते १५ च्या जवळ असतं. या चार अंशांसाठी सगळ्या जगाबरोबर रांगेत उभं राहायचं आणि वाढलेल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, बॉल शोधत फिरायचं, यात बाबांचा दम जाईल.

माझं स्पष्ट मत: मेचा तिसरा-चौथा आठवडा. आणि तेही तापमान बघून नव्हे, उजेड बघून.

इथे मेच्या मध्यावर सूर्य नऊनंतर मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ दिसतं. पहाटे पाचला उजाडलेलं असतं. म्हणजे दुपारी साडेचारचा टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळाला तरी बाबा घाई न करता, दोन होलच्या मध्ये बसून चहा घेऊन, अठरावं होल उजेडात संपवू शकतात. सप्टेंबरच्या २० तारखेला सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. दुपारचा टी-टाइम हाती आला की शेवटची चार होल घड्याळाशी शर्यत. सत्तरीच्या माणसाला समुद्राचा वारा अंगावर घेत भराभर चालायला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

उजेडावर मी एवढा भर देते त्याचं दुसरं कारण तुमचा बॅलट. ओल्ड कोर्सचे बरेच टी-टाइम या सोडतीतून निघतात. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी २ पर्यंत नावं द्यायची, संध्याकाळी निकाल लागतो. किमान दोन जण लागतात, जास्तीत जास्त चार, म्हणजे तुम्ही दोघं बसता. हँडिकॅप इंडेक्स ३६ पर्यंतच चालतो आणि त्याचा दाखला लागतो, तो निघताना काढून ठेवा. वेळ कोणती मिळेल हे आपल्या हातात नाही. एकदा नाव नाही लागलं तर रोज देत राहायचं. मग ज्या दिवशी नाव लागलं नाही त्या दिवशी काय? न्यू, जुबिली, ईडन हे कोर्स शेजारीच आहेत आणि आधी बुक करता येतात. न्यू कोर्स नावालाच नवा, १८९५ पासून खेळला जातोय. दिवस मोठा असला की दुपारपर्यंत वाट बघूनही पूर्ण फेरी होते. लहान दिवसात हा सगळा सैलपणा जातो.

आता जमिनीबद्दल, कारण लिंक्सची, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरच्या कोर्सची, खरी गंमत तिथेच आहे. खाली वाळू, वर बारीक फेस्क्यू गवत. पाणी साचत नाही. पुण्यात पावसाळ्यात बॉल पडतो तिथेच रुततो, इथे मेमध्ये तो पडल्यावर पळत सुटतो. कडक जमीन, वारा पाठीवर, आणि बाबांचा १७० यार्डांचा ड्राइव्ह २०० च्या पलीकडे जाऊन थांबलेला त्यांनी बघावा! ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, थेट बॉल उतरवायचा हट्ट सोडायचा. वीस यार्ड अलीकडे टाकायचा आणि उताराला त्याचं काम करू द्यायचं. ग्रीनच्या बाहेर तीस-चाळीस यार्डांवरूनसुद्धा इथले म्हातारे खुशाल पटर (बॉल जमिनीवरून लोटायचा क्लब) काढतात आणि बॉल खाचखळग्यांतून वळसे घेत भोकापाशी येऊन थांबतो. ताकद कमी झालेल्या, पण नजर शाबूत असलेल्या खेळाडूला याहून चांगली जमीन मिळणार नाही. मेमध्ये रफ अजून पातळ असतं, त्यामुळे वाट चुकलेला बॉलही सापडतो. नोव्हेंबर ते मार्च ग्रीन फी बरीच उतरते, पण तेव्हा फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेली हिरवळ) जपण्यासाठी छोट्या मॅटवरून मारावं लागतं. एकदाच येणार असाल तर ते नको.

पावसाची भीती बाळगू नका. स्कॉटलंडचा पूर्व किनारा देशातल्या कोरड्या भागांत मोडतो. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, म्हणजे जवळपास पुण्याएवढाच. फरक एवढाच की पुण्याचा चार महिन्यांत उरकतो आणि आमचा बारा महिन्यांत थोडा थोडा वाटला जातो. वसंतातले महिने त्यातही कोरडे.

मेचं एक दुखणं आहे, ते लपवत नाही. हार. पूर्वेकडून वारा सुटला की समुद्रावरचं धुकं किनाऱ्यावर चढतं, त्याला इथे हार म्हणतात. तेव्हा उत्तर समुद्राचं पाणी अजून आठ-नऊ अंशांवर असतं. वरून आलेली उबदार दमट हवा त्याला टेकली की धुकं धरतं. सकाळी निळं आकाश बघून निघावं, आणि टीवर उभं राहिल्यावर समोरचा झेंडा आहे तिथेच पुसला जावा. बॉल मारल्यावर नुसता आवाज येतो, कुठे गेला ते कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याला, विचारायचं. पापण्यांवर आणि ग्रिपवर बारीक पाणी धरतं, हवा एकदम पाच-सहा अंशांनी उतरते. दोन मैल आत गावं उन्हात न्हात असतात, फक्त किनाऱ्याला हे. कधी अकरापर्यंत विरतं, कधी दिवसभर मुक्काम ठोकतं. म्हणून एका दिवसाच्या भरवशावर येऊ नका. ओल्ड कोर्ससाठी हातात किमान चार बॅलट राहतील असा मुक्काम ठेवा.

एक गोष्ट बाबांना मुद्दाम दाखवा. मेमध्ये गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात. ऊन पडलं की त्या फुलांना ओल्या नारळासारखा वास येतो. वास घ्यायचा, आत गेलेला बॉल मात्र सोडून द्यायचा.

---

क्लाइडकाठचा

फाइफवाली यांनी मेची बाजू जोरात मांडली आहे. मी ग्लासगोजवळ राहतो आणि सप्टेंबरच्या बाजूने बोलतो. तेव्हा समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, हारचा त्रास मेपेक्षा कमी, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली. गुडघेदुखीवाल्या माणसाला मेमधला पूर्वेचा बोचरा वारा बाधतो, हे माझ्या वडिलांच्या बाबतीत बघितलंय. १४ अंश आणि पूर्वेचा वारा म्हणजे अंगाला ८-९ अंशच वाटतात.

शिवाय सगळं एकट्या सेंट अँड्र्यूजवर लावू नका. आमच्या एअरशरच्या किनाऱ्यावर प्रेस्टविक आहे. १८६० मध्ये पहिली ओपन तिथे झाली, तीही १७ ऑक्टोबरला. आठ खेळाडू, बारा होलचा कोर्स, एका दिवसात तीन फेऱ्या. पश्चिमेला पाऊस जास्त हे मान्य, पण सरी येतात आणि जातात. मिज नावाच्या चावऱ्या चिलटांची भीती घालणारे भेटतील. ती डोंगराळ भागात आणि वारा पडलेल्या संध्याकाळी. उघड्या लिंक्सवर वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

---

फाइफवाली

@क्लाइडकाठचा, सप्टेंबरची हवा चांगली असते, त्यावर वाद नाही. बाबांना फक्त लिंक्सवर खेळायचं असतं तर मीही कदाचित सप्टेंबरच म्हटलं असतं. पण त्यांच्या मनात ओल्ड कोर्स आहे. सप्टेंबरात सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या गोल्फ क्लबचं शरद संमेलन असतं, तेव्हा बरेच टी-टाइम त्यांच्या सभासदांसाठी राखीव होतात. आणि महिनाअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा. ती ओल्ड कोर्स, कार्नुस्टी आणि किंग्जबार्न्स या तिन्ही ठिकाणी खेळतात, म्हणजे या बाजूचे तिन्ही मोठे कोर्स एकदमच हातचे जातात. मधला एखादा आठवडा मोकळा मिळाला तरी बॅलटमध्ये किती टी-टाइम उरले ते बघावं लागेल. वसंतातलंही एक संमेलन असतं, म्हणून मी मेचा पहिला आठवडा सुचवला नाही. हे कोर्स चालवणारं लिंक्स ट्रस्ट कोर्स बंद असण्याच्या तारखा स्वतःच जाहीर करतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी ते वेळापत्रक उघडून बघाच. २०२७ ओपनचं वर्ष असल्यामुळे मेसाठीसुद्धा बघा.

वाऱ्याचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. त्यासाठी कपडे.

---

नेव्हीनगर_नऊ_होल

कपड्यांबद्दल मी सांगतो, कारण मी कुलाब्याचा आणि थंडीला आमच्याइतका कच्चा माणूस नाही. एक जाड जॅकेट नेऊ नका, खांदाच फिरत नाही. आत लोकरीचा पातळ बनियन, त्यावर टी-शर्ट, वर बिनबाह्यांचं स्वेटर आणि सगळ्यांवर वारा अडवणारं पातळ रेनजॅकेट. चढवा-उतरवायला सोपं. कानटोपी हवीच, काकांना माकडटोपी आवडत असेल तर तीही चालेल, कुणी बघत नाही. छत्री वाऱ्यात उपयोगाची नाही. रेनग्लोव्हज दोन्ही हातांत घाला, ओल्या ग्रिपवर तेच टिकतात.

आणि जाण्याआधी दोन महिने बॉल कमी उंचीवरून, वाऱ्याखालून मारायची सवय करा. बॉल मागच्या पायाकडे, एक नंबर लांब मारणारा क्लब, स्विंग तीन-चतुर्थांश. आमच्याकडे दुपारी खारा वारा एकाच बाजूने येतो, त्यामुळे अंदाज बांधता येतो. तिथे एकाच फेरीत वारा फिरलेला मी अनुभवलाय.

---

येरवड्याचा_डावखुरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ओपनचं कुणी सांगितलं नसतं तर जुलैचं तिकीट काढून बसलो असतो. बाबांना धागा वाचून दाखवला. पटरने चाळीस यार्डांवरून मारायचं ऐकून ते लगेच बाल्कनीतून पटर घेऊन आले. मेचा तिसरा आठवडा नक्की करतोय.

तीन शंका. बाबांना मध्ये बग्गी मिळेल का? आईचा वेळ कसा जाईल? आणि मी डावखुरा, सेट भाड्याने मिळेल की इथून न्यावा?

---

फाइफवाली

बग्गी विसरा, ओल्ड कोर्स चालूनच खेळायचा असतो. पण तो जवळपास सपाट आहे, येरवड्याला अठरा होल चालणाऱ्याला जड जाणार नाही. बाबांसाठी कॅडी मात्र घ्या. बॅग तो उचलतो, आणि टीवरून न दिसणारे बंकर (वाळूचे खड्डे) कुठे आहेत हेही तोच सांगतो. तिथे बहुतेक ग्रीन दोन-दोन होलची मिळून एक आहेत, कुठल्या झेंड्याकडे मारायचं याचा गोंधळ पहिल्यांदा येणाऱ्याचा होतोच. ग्रीन फी २०२५ मध्ये ऐन हंगामात ३४० पौंड होती. २०२७ साठी जास्त धरून चला, कॅडीचे पैसे वेगळे.

आईंसाठी रविवार राखून ठेवा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि तो गावाचा बाग होतो. लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन फेअरवेवरून फिरतात. तिघं मिळून स्विल्कन पुलावर फोटो काढा, सतराव्या ग्रीनजवळचा तो खोल रोड बंकर आत उतरून न बघता कडेवरूनच बघा, मग वेस्ट सँड्सच्या वाळूवर चाला. एक दिवस ईस्ट न्यूकच्या कोळीवाड्यांना द्या. क्रेल, पिटनवीम, अँस्ट्रदर. बंदरावर बसायला आईंना नक्की आवडेल. त्याच वाटेवर पुढे ईलीचा कोर्स लागतो. तिथे पहिल्या होलसमोर टेकाड आहे, पलीकडचं दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोलीत खऱ्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. पुढची मंडळी लांब गेली की नाही ते त्यातून बघून टी ऑफ करतात. बाबांना तिथे एक फेरी मिळालीच पाहिजे, ओल्ड कोर्स लागो वा न लागो.

डावखुरा सेट मिळतो, पण मोजकेच असतात. आधी लिहून कळवा, किंवा स्वतःचाच आणा. एडिनबराहून रेल्वेने आलात तर ल्युकर्सला उतरायचं, सेंट अँड्र्यूजला स्टेशन नाही. पुढे बस किंवा टॅक्सी.

बॅलट ऑनलाइन देता येतो, त्यासाठी इथे पोचायची गरज नाही. सोमवारी खेळायचं असेल तर शनिवारी दुपारी २ च्या आत नावं द्या. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतात, त्यामुळे विमानतळावर निघण्याआधी घरूनच पहिला अर्ज भरून टाका.