मदत हवी आहे: स्टार फॉक्स लागत नाही, बाकी सगळं चालतं (तातडीचं)

धरमपेठी_७:
सुपर फॅमिकॉमवर (निंटेंडोचं जुनं जपानी गेम मशीन) स्टार फॉक्स हा विमानांचा गेम लावला की पडदा काळा. आवाज नाही, लोगो नाही. बाकी गेम चालतात. कार्ट्रिज दोनदा साफ केली, अडॅप्टरही बदलून पाहिला, तेच. शनिवारी अमरावतीहून भाचा येऊन राहिला आहे, त्याला कबूल करून बसलोय. लवकर सांगा. एम्युलेटर (लॅपटॉपवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) सांगू नका.

बर्डीचा_बंटी:
एम्युलेटर टाक ना भाऊ. लॅपटॉपवर पाच मिनिटांत होते. इतकी मगजमारी काहून करून राहिला?

निवृत्त_अभियंता:
जपानी मशीनचा पॉवर अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या घरी २३०. मूळ अडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि आतली पिन ऋण, बाहेरची धन. बहुतेक राऊटरचे अडॅप्टर याच्या उलटे असतात. आपण नेमका कोणता बदललात?

लिटलमास्टर_फॅन:
फुंकर मारली का? आम्ही लहानपणी ९९९९९९९ इन १ ची कॅसेट फुंकून फुंकून चालवायचो. त्यात नव्व्याण्णव लाख सोडा, नऊ गेमही धड वेगळे नसायचे.

सोल्डरवाली_ताई:
फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात. कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

लिटलमास्टर_फॅन:
ताई, वीस वर्षं फुंकली, काही झालं नाही.

सोल्डरवाली_ताई:
चालायची ती फुंकरीने नाही, कॅसेट काढून परत घातल्याने. पिना घासल्या जायच्या, एवढंच.

पुणेरी_पिक्सेल:
हा सरळसरळ रीजन लॉक आहे, म्हणजे एका देशाची कार्ट्रिज दुसऱ्या देशाच्या मशीनवर चालू न देणारं कुलूप. कार्ट्रिज कुठल्या देशाची ते लिहिलेलं नाही. प्रश्न विचारताना किमान माहिती द्यावी, ही अपेक्षा चुकीची नसावी.

धरमपेठी_७:
अमेरिकन आहे. स्ट्रीट फायटर पण अमेरिकन आहे आणि तो चालतो. आता बोला. आणि अभियंता काका, पॉवरचा अडॅप्टर नाही म्हटलं मी.

पुणेरी_पिक्सेल:
पॉवरचा नाही, हे आपण कुठेही म्हटलेलं नाही.

सेगा_सेगा:
म्हणून सेगाचा मेगा ड्राइव्ह घ्यायचा असतो.

सोल्डरवाली_ताई:
एक मिनिट. अमेरिकन कार्ट्रिज जपानी मशीनमध्ये बसतेच कशी? प्लास्टिकचा आकार वेगळा असतो. मधे काय लावलंय?

धरमपेठी_७:
तोच तर अडॅप्टर! एक ऑनलाइन घेतलेला, दुसरा मित्राचा. दोन्हीत तेच होऊन राहिलं.

सोल्डरवाली_ताई:
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, दादा.

पुणेरी, रीजन लॉक नाही. जपान आणि अमेरिकेची लॉक चिप एकच आहे, अडवतं ते फक्त प्लास्टिक. युरोपचं मशीन असतं तर तुमचं बरोबर ठरलं असतं.

आता मूळ गोष्ट. या मशीनच्या खाचेत एकूण ६२ पिना असतात. साध्या गेमला मधल्या ४६ पुरतात, मारिओ वर्ल्ड नि स्ट्रीट फायटर त्यातलेच. उरलेल्या १६ दोन्ही टोकांना, मधे थोडी जागा सोडून. १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये कार्ट्रिजच्या आतच सुपर एफएक्स नावाचा वेगळा प्रोसेसर आहे आणि त्याला त्या टोकाच्या पिना लागतात. मशीनचा स्वतःचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्याच्याकडून त्रिमितीय विमानं हलवून घेणं म्हणजे सायकलरिक्षाने ट्रक ओढण्यासारखं. म्हणून चित्र काढायचं काम चिप करते, कार्ट्रिजमधल्याच रॅममध्ये. मशीन ते तयार चित्र फक्त उचलून पडद्यावर नेतं. चिपच जागी झाली नाही तर उचलायला काही नाही, म्हणून काळा पडदा.

स्वस्त अडॅप्टरमध्ये मधल्याच ४६ पिना जोडलेल्या असतात. टॉर्च मारून टोकं बघा.

सेगा_सेगा:
आमच्याकडे १९९४ मध्ये व्हर्च्युआ रेसिंगच्या कार्ट्रिजमध्ये एसव्हीपी चिप होती. याच्यापेक्षा भारी.

बर्डीचा_बंटी:
आणि ती चिप पुढे किती गेममध्ये आली?

सेगा_सेगा:
एकाच. पण भारी.

पुणेरी_पिक्सेल:
सुपर एफएक्स मात्र डूममध्ये आली, योशीज आयलंडमध्ये आली. योशी तर त्रिमितीय नाहीच, तिथे ती चित्रं ताणायला, फिरवायला वापरली आहे. दोन्हीत दुसरी आवृत्ती, २१ मेगाहर्ट्झची. ताईंचा लॉकचा मुद्दा मान्य.

धरमपेठी_७:
पाहिलं. दोन्ही अडॅप्टरमध्ये टोकं रिकामी. नुसतं प्लास्टिक. आता? तिसरा मागवला तर शनिवारपर्यंत येत नाही.

सोल्डरवाली_ताई:
कार्ट्रिज उघडा आणि आतला बोर्ड उघडाच मशीनमध्ये लावा, बसतो. मशीन बंद ठेवून. बाजू उलटी करू नका, लेबलची बाजू आपल्याकडे.

बर्डीचा_बंटी:
त्याचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत बे. ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. नाहीतर जुन्या बॉलपेनाचं टोक मेणबत्तीवर मऊ कर, स्क्रूवर दाब, गार होऊ दे, मग फिरव. मी केलंय. इतवारीत बिट शोधत ऊन खाण्यापेक्षा बरं.

लिटलमास्टर_फॅन:
इतवारीला गेलाच तर तर्री पोहे खाऊन ये. आता कुठे चांगले मिळतात? आमचा नेहमीचा ठेला उठला.

बर्डीचा_बंटी:
त्यासाठी वेगळा धागा काढ. मी येतो तिथे.

धरमपेठी_७:
उघडली. पेन तिसऱ्या वेळी चाललं. पण मला फसवलं! आतल्या मोठ्या चिपवर ‘मारिओ चिप १’ लिहिलंय. स्टार फॉक्सच्या खोक्यात मारिओ भरून विकला का त्याने? विकणाऱ्याला फोन लावून राहिलो.

सोल्डरवाली_ताई:
फोन ठेवा! तीच सुपर एफएक्स आहे. अर्गोनॉट या ब्रिटिश कंपनीने बनवली. मॅथेमॅटिकल, अर्गोनॉट, रोटेशन, इनपुट-आउटपुट, या शब्दांच्या अक्षरांवरून मारिओ. असली असल्याची खूण आहे ती.

धरमपेठी_७:
लावून झाला होता फोन. तो पण हेच म्हणाला, जरा वेगळ्या शब्दांत.

धरमपेठी_७:
चाललं!!! विमानं उडून राहिली. ताई, धन्यवाद. बोर्ड असाच उघडा ठेवला तर चालेल का? भाचा सात वर्षांचा आहे.

सोल्डरवाली_ताई:
सात वर्षांचा असेल तर नाही. तुम्ही लावून द्या, त्याच्या हातात फक्त रिमोट. नंतर ६२ पिनांचा अडॅप्टर घ्या, घेताना टोकांचा फोटो मागा.

निवृत्त_अभियंता:
अभिनंदन. माझा प्रश्न तेवढा राहिला. २३० चे १०० कशाने करताय?

धरमपेठी_७:
घरात एक जुना ट्रान्सफॉर्मर होता काका, बाबांचा. मस्त चालून राहिला. थोडा गरम होतो, पण सध्या नागपुरात काय गरम होत नाही?

निवृत्त_अभियंता:
त्यावर किती व्होल्ट आणि किती व्हीए, म्हणजे किती भार झेपतो, लिहिलंय?

धरमपेठी_७:
स्टिकर होतं. चिकटपणा सुटून पडलं काल.

निवृत्त_अभियंता:
आधी प्लग काढा. मग बोलू.