चित्रावरून शहर पुन्हा बांधावं का? बेलोट्टो आणि वॉर्सा

धागा: हुबेहूब चित्र काढणाऱ्याला आपल्याकडे हमखास ऐकवतात, ‘मग फोटोच काढायचा की!’ मला हे फार लागतं, म्हणून बेर्नार्दो बेलोट्टोबद्दल लिहितेय. व्हेनिसची दृश्यं रंगवणाऱ्या कानालेत्तोचा हा भाचा. १७६८ पासून तो पोलंडच्या राजाचा दरबारी चित्रकार होता. राजधानी वॉर्साचे रस्ते, चर्च, वाडे त्याने खिडकीखिडकीसह रंगवले. त्यातली २२ चित्रं आज तिथल्या राजवाड्यात एकाच दालनात आहेत. जर्मन ताब्याविरुद्ध झालेल्या १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने शहर ठरवून जाळलं, सुरुंग लावून पाडलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. पुढे वास्तुरचनाकारांनी दर्शनी भाग पुन्हा उभारताना हीच चित्रं समोर ठेवली. ज्याच्या कामावरून गवंडी भिंत उचलू शकतो, त्याला नकलाकार कसं म्हणायचं?

प्रतिसाद: चित्रकार मोठाच, पण निष्कर्ष पटला नाही. बेलोट्टो दृश्य नेटकं दिसावं म्हणून इमारतींत फेरफार करायचा. शिवाय १९३९ चं शहर त्याच्या चित्रांत असणारच नाही. मधल्या दीडशे वर्षांत माणसांनी मजले चढवले, दुकानं काढली. नोवी श्वियात रस्त्यावर तर एकोणिसाव्या शतकातले वाढीव मजले पुनर्बांधणीत गाळूनच टाकले. म्हणजे लोक राहत होते ते शहर सोडून राजाच्या काळातलं शहर बांधलं.

धागालेखिका: फेरफार करायचा, मान्य. पण भिस्त एकट्या चित्रांवर नव्हती. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मोजमापं घेऊन केलेले नकाशे युद्धात एका मठात लपवून जपले होते, तेही वापरले. आणि राख झालेल्या शहरात परतलेल्या माणसाला ओळखीची कमान दिसणं ही छोटी गोष्ट आहे का? १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा मानलं, ते या पुनर्बांधणीसाठीच.

दुसरा प्रतिसाद: कोणाच्या ओळखीची कमान? वॉर्सातल्या मुरानूफ भागात पूर्वी ज्यूंची दाट वस्ती होती, तिथेच नाझींनी ज्यूंना कोंडलेला घेट्टो झाला. तो भाग जुन्यासारखा उभारला नाही, ढिगाऱ्यावरच नवी वसाहत बांधली. त्या गल्ल्या बेलोट्टोच्या चौकटीत कधी आल्याच नव्हत्या. दोष त्याचा नाही, राजाने सांगितलं ते त्याने रंगवलं. पण शहर बांधणाऱ्यांनी त्याची चौकट हीच शहराची हद्द धरली, हे मला खुपतं.

धागालेखिका: मुरानूफबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते खरंच आहे. तरी बेलोट्टोचं १७७० चं चित्र, नदीच्या समोरच्या काठावरच्या प्रागा भागातून दिसणारं शहर, एकदा मोठं करून बघा. नदीपलीकडे अख्खं वॉर्सा पसरलंय आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात तो स्वतः चित्र काढत बसलाय. आपण कुठून बघतोय, ते त्याने लपवलेलं नाही.